पावटा कच्चा आणि गाजराचा लगदा

वाचकाचं पत्र: "आम्ही डोंबिवलीला राहतो. आईच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, त्यामुळे यंदा भोगीचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. जेवायला दहा माणसं. मागच्या वर्षी हौसेने एकदा भोगीची भाजी करून पाहिली होती. सगळ्या भाज्या, चिंच, गूळ, मसाला, तिळाचं कूट असं एकदम कुकरमध्ये घातलं, तीन शिट्ट्या काढल्या आणि वाढेपर्यंत आजीच्या लोखंडी कढईत ओतून ठेवली. पावटे दाताखाली कचकच लागत होते, गाजर-वांग्याचा लगदा झाला होता, मटार शेवाळी, रस्सा काळपट आणि वर थोडा कडू. बायको नागपूरची. तिच्या मते तुरीच्या सोल्यांशिवाय, म्हणजे ओल्या दाण्यांशिवाय, हिवाळ्यातली भाजी म्हणजे काहीच नाही, आईच्या मते पावट्याशिवाय भोगी नाही. शिवाय पाच किलो मटार सोलून फ्रीझरमध्ये टाकले होते, ते मार्चमध्ये काढले तर सुरकुतलेले आणि गवतासारखा वास. मेथीसुद्धा माझ्या हातची हमखास कडू होते. अंदाजाने नको, मापं आणि मिनिटं सांगा."

नमस्कार.

मापं आणि मिनिटं दोन्ही सांगतो, पण आधी मागच्या वर्षी काय बिघडलं ते पाहू, म्हणजे यंदा ऐनवेळी एखादा जिन्नस मिळाला नाही तरी अडणार नाही.

भोगीच्या पातेल्यात आठ-नऊ जिन्नस जातात आणि प्रत्येकाची शिजण्याची वेळ निराळी. ओल्या शेंगदाण्याला अर्धा तास दिला तरी तो कुरकुरत नाही, मटाराला सहा-सात मिनिटं पुरतात. कुकरला हा फरक कळत नाही. त्यात तुम्ही चिंच सुरुवातीलाच घातली. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि आंबट पाण्यात हे पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून चिंचेच्या पाण्यात पडलेला दाणा कितीही उकळला तरी मऊ व्हायला कुरकुर करतो. गुळानेही दाणे आवळतात. गाजर आणि वांगं मुळातच नाजूक, त्यामुळे कुकरच्या उष्णतेपुढे त्यांचा निभाव लागला नाही. जाड सालीचा पावटा मात्र तसाच राहिला. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर तेही एक कारण धरा. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे दाण्यांची साल आणखी घट्ट होते. त्या दिवशी भाजीपुरतं तरी पिण्याचं पाणी वापरा.

मीठ आधी घातलं की दाणे शिजत नाहीत, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ओल्या दाण्यांच्या बाबतीत ते मनावर घेऊ नका. मीठ सुरुवातीला घातलेलंच बरं, आत मुरतं.

काळपट रश्श्याचं कारण लोखंडी कढई. वांग्यात तुरट द्रव्यं असतात, चिंचेत आम्ल. आम्लाने कढईतलं लोखंड रश्श्यात उतरतं आणि तुरट द्रव्यांशी मिळून काळा रंग धरतं. आजीच्या कढईत मेथी परता, भरीत परता, पण चिंच घातलेलं काहीही तिच्यात मुक्कामाला ठेवू नका. भोगीसाठी जाड बुडाचं स्टीलचं ५ लिटरचं पातेलं घ्या. पितळी पातेलं असेल तर कल्हई शाबूत आहे ना ते बघा.

कडूपणाचा संशय तिळावर आहे. त्याकडे पुढे येतो.

आता बाजार. पावटा म्हणून नक्की काय घ्यायचं, यावरून दरवर्षी गोंधळ होतो, कारण एकाच वेलाच्या शेंगांना गावोगावी वेगळी नावं आहेत. सपाट, कोवळी शेंग सालीसकट खातात ती वालपापडी किंवा घेवडा. शेंग भरली, आतले दाणे टपोरे झाले की ते पावटे. कोकणात ओले वाल म्हणतील. भोगीला हे दोन्ही लागतात. श्रावणघेवडा, म्हणजे फरसबी, हे वेगळं झाड, पण घेवडा न मिळाल्यास तिच्यावर भागतं. कडधान्याच्या दुकानातले कडवे वाल मात्र ओल्या पावट्याच्या जागी चालत नाहीत. ते भिजवून, मोड आणून, सोलून मग बिरड्याला.

पावट्याची शेंग हातात घेऊन वाकवा. सहज मोडली आणि आतला दाणा हिरवट, ओलसर असेल तर कोवळी. साल कातड्यासारखी चिवट आणि दाणा पांढरट-पिवळा असेल तर जून. जून दाणे आलेच घरी, तर उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा आणि चिमटीत दाबून वरची साल काढून टाका. भोक असलेली शेंग दिसली की दाणे उघडून बघा, अळी असते. सोललेले दाणे मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवले तर चुकून राहिलेली अळी आणि पोकळ दाणे बहुधा वर येतात. पावटे अर्धेकच्चे खायचे नसतात, हेही लक्षात असू द्या. कच्चट राहिले तर चव जाते आणि पोटही बिघडतं.

दहा माणसांसाठी, भाकरीबरोबर भरपूर होईल असं माप सांगतो. दाण्यांची वजनं सोललेल्या दाण्यांची आहेत. पावटे २०० ग्रॅम, तुरीचे दाणे १५०, सोलाणे म्हणजे ओले हरभरे १५०, मटार १५०, ओले शेंगदाणे १००, गाजर २५०, छोटी काटेरी वांगी ३००, घेवडा १५०. वर आठ-दहा बोरं आणि उसाचे सात-आठ करवे, म्हणजे सोललेले छोटे तुकडे. पावट्याच्या शेंगा पाऊण किलो आणि तुरीच्या अर्धा किलो आणल्यात तर कमी पडणार नाही. मटार एक किलो शेंगांतून साधारण साडेचारशे ग्रॅम निघतो. हरभऱ्याच्या जुडीचा काही भरवसा नसतो, कधी घाटे भरलेले, कधी निम्मे फोल. बाजारात सोललेले मिळाले तर तेच घ्या, फक्त ते पाण्यात बुडवून ठेवलेले नसावेत. ओले शेंगदाणे नाही मिळाले तर ६० ग्रॅम कोरडे रात्रभर भिजवा.

या यादीत बटाटा नाही, आणि तो मुद्दाम नाही. बटाटा घातला की भाजी भरते खरी, पण रस्सा पिठूळ होतो आणि दाण्यांची चव त्यात हरवते. घरात कोणाचा हट्ट असेल तर एक बटाटा, त्यापुढे नाही.

मसाल्याचं माप असं. सपाट चहाचा चमचा ५ मिलीलीटरचा आणि पोह्याचा चमचा १५ मिलीलीटरचा धरलाय. तेल ५ पोह्याचे चमचे, मोहरी १ चहाचा चमचा, जिरं १, हिंग अर्धा, हळद पाऊण, लाल तिखट २ चहाचे चमचे, गोडा मसाला २ पोह्याचे चमचे. चिंच २५ ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढा गोळा, १५० मिलीलीटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढलेला. गूळ ४० ग्रॅम. तीळ ५० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट ५० ग्रॅम, किसून भाजलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम. मीठ एकूण ४ चहाचे चमचे लागेल. त्यातले ३ सुरुवातीला घाला, चौथा शेवटी चव बघून.

तीळ. यावर थोडा वेळ घालवा, कारण भोगीच्या भाजीला भोगीची चव येते ती याच्यामुळे. न सोललेले, किंचित मळकट दिसणारे गावरान तीळ घ्या. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ चवीला फिके. कढई मंद आचेवर, तीळ एका थरात, हात सतत चालू. चार-पाच मिनिटांत तडतडायला लागतील आणि दाणा फुगीर दिसेल. एक तीळ चिमटीत चुरडून बघा, सहज भुगा झाला की लगेच ताटात काढा. कढईतच राहू दिले तर आच बंद करूनही भाजत राहतात आणि तांबूस होतात. तांबूस तीळ म्हणजे कडू तीळ, आणि तो कडूपणा गुळाने झाकत नाही. मागच्या वर्षी बहुधा इथेच फसलं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, तेही थांबत थांबत, दोन-दोन सेकंदांचे झटके देऊन. गरम तीळ एकदम फिरवले की तेल सुटून गोळा होतो, आणि तो गोळा रश्श्यात मिसळण्याऐवजी बुडाशी जाऊन लागतो. वाईट भाग असा की पातेलं लागलेलं वासावरूनच कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

वांगी कापायची ती सगळ्यात शेवटी. देठ हिरवा आणि ताजा असावा, वांगं आकाराच्या मानाने हलकं असावं. जड वांग्यात बिया भरलेल्या निघतात. देठ थोडा ठेवून चार फोडी करा आणि लगेच मिठाच्या पाण्यात सोडा, एक लिटर पाण्याला एक चहाचा चमचा मीठ. कापलेला भाग हवेला लागला की काळा पडतो, पाण्यात तो बराच थांबतो. दहा मिनिटं पुरे. तासभर पडलं तर वांगं स्पंजासारखं पाणी पितं आणि शिजताना फुटतं. गाजर सोलून दोन सेंटिमीटरचे तुकडे. जाडं गाजर असेल तर उभं चिरून मधला पिवळट दांडा काढून टाका, तो शिजला तरी लाकडासारखा लागतो. लाल गाजर मिळालं तर तेच घ्या. घेवड्याच्या शिरा दोन्ही बाजूंनी काढायच्या, यात आळस नको.

आता घड्याळ समोर ठेवा.

तेल तापलं की मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि लगेच शेंगदाणे, पावटे, तुरीचे दाणे. दोन मिनिटं परता. तिखट घाला आणि ते करपायच्या आत ६०० मिलीलीटर उकळतं पाणी ओता. पाणी गारच ओतलं तर उकळी फुटेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. मीठ घालून झाकण ठेवा, मध्यम आच, १२ मिनिटं. मग एक पावटा काढून चिमटीत दाबा. बाहेरून मऊ आणि मधे किंचित कण लागला पाहिजे. अजून टणक असेल तर पुढे जाऊ नका, चार-पाच मिनिटं थांबा. या एका टप्प्यावर घाई केली की मागच्या वर्षीचीच भाजी पुन्हा होते.

मग गाजर, घेवडा, सोलाणे. झाकण अर्धवट, ५ मिनिटं. मग वांगी, पाण्यातून निथळून, ३ मिनिटं. मग मटार, बोरं आणि उसाचे करवे, आणि इथून पुढे झाकण पूर्ण काढायचं. ६ मिनिटं. पाणी कमी वाटलं तर पाव लिटरपर्यंत उकळतं पाणी वाढवा.

झाकण काढण्यामागे मटाराचा रंग आहे. हिरवा रंग आम्लात आणि फार वेळच्या उष्णतेत शेवाळी होतो. भाज्या शिजताना त्यांच्यातूनच थोडी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात; झाकण घट्ट असलं की ती थेंब होऊन परत भाजीत पडतात. चिमूटभर सोडा घालून रंग टिकवायचा सल्ला मिळेल. रंग टिकतो, पण दाणे गिळगिळीत होतात आणि ब जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. नको.

आता वांग्यात सुरी सहज शिरत असेल आणि गाजर चमच्याच्या कडेने तुटत असेल, तर चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, खोबरं, शेंगदाण्याचं आणि तिळाचं कूट घाला. आच मंद. ५ मिनिटं. कूट पडल्यावर उलथन्याने तळापासून एक-दोनदाच, अलगद हलवा. सारखं ढवळलं तर वांग्याचा पुन्हा लगदा होईल. उरलेलं मीठ आता. बंद करताना रस्सा तुम्हाला हवा त्यापेक्षा पातळ दिसला पाहिजे. तिळाचं कूट पाणी शोषतं आणि २० मिनिटांत तोच रस्सा दाटतो. अनेकांची भाजी जेवणाच्या वेळी घट्ट गोळा होते ती यामुळेच. तसं झालं तर अर्धी वाटी उकळतं पाणी, गार नव्हे.

सगळं मिळून अर्ध्या तासाच्या वर पाच-सात मिनिटं. खरा वेळ सोलण्यात जातो. पावटे, तूर, हरभरे आदल्या रात्री सोलून, न धुता, कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. मटार मात्र शेंगेतच राहू द्या. शेंग तोडल्यापासून त्यातली साखर पिठात बदलत जाते आणि हे उबेत वेगाने होतं, म्हणून मटाराच्या शेंगा आणल्या आणल्या फ्रीजमध्ये. आईंना डाव्या हाताने सोलायला लावू नका. त्यांना तीळ चुरडून "झाले" म्हणायला बसवा, ते काम त्यांच्याइतकं नेमकं तुम्हाला पहिल्या खेपेला जमणार नाही.

पावटा की तूर, या वादात तुम्ही पडू नये. दोन्ही घाला, माप वर दिलंच आहे. पण तुमच्या पत्नी म्हणताहेत ती चव बहुधा निराळ्या पदार्थाची आहे. विदर्भात हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी करतात. त्यात दाणे थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतून जाडसर वाटतात आणि लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांच्या जोरावर रस्सा उभा करतात. सोले-वांग्याची भाजीही त्याच तिखट वळणाची. भोगीच्या चिंच-गूळ-गोड्या मसाल्यात ही चव शोधली तर निराशा होणार. त्यापेक्षा भोगी आटोपल्यावर एखाद्या रविवारी २५० ग्रॅम सोले, १० लसूण पाकळ्या, ५-६ मिरच्या घेऊन वेगळी आमटी करा. वाटताना निम्मे दाणे बारीक, निम्मे भरडच ठेवा. सगळेच बारीक वाटले तर ती डाळीसारखी लागते आणि नागपूरकडून दाद मिळत नाही.

बाजरीच्या भाकरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रस्सा कडू लागला म्हणालात म्हणून सांगतो. बाजरीचं पीठ दळल्यावर लवकर खवट होतं, कारण दाण्यातली चरबी दळताच हवेशी भिडते. महिन्याभरापूर्वीचं पीठ असेल तर भाकरीच कडू असते आणि बोल भाजीला लागतो. भोगीच्या आधी फार तर आठ दिवस दळून आणा. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ, उकळत्या पाण्याने मळायचं, कारण बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही. थापताना वरच्या बाजूला तीळ पसरून हलक्या हाताने दाबा. भाकरी उलटी करून तव्यावर टाकली की तिळाची बाजू खाली जाते, पिठाची वर येते आणि तिला पाण्याचा हात फिरवायचा. पाणी वाळायच्या आत उलटा, नाहीतर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही.

मटाराकडे येऊ. गवताचा वास आणि सुरकुत्या यायचं कारण म्हणजे दाणे कच्चेच फ्रीझरमध्ये गेले. दाण्यातली विकरं (एन्झाइम्स) थंडीत मंदावतात, पण थांबत नाहीत. तीन महिन्यांत ती रंग, वास, गोडी सगळं बिघडवतात. त्यांना आधी उष्णतेने गप्प करावं लागतं. चार लिटर पाणी खळखळून उकळा, एका वेळी फक्त अर्धा किलो दाणे टाका आणि पुन्हा उकळी आल्यापासून दीड मिनिट मोजा. जास्त टाकलेत तर पाणी गार पडतं आणि दाणे अर्धवट शिजून मऊ होतात. चाळणीने काढून थेट बर्फाच्या पाण्यात, तिथेही दोनेक मिनिटं. मग निथळून स्वच्छ पंचावर पसरा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या, वीस मिनिटं तरी. ओले दाणे डब्यात टाकले की बर्फाचा दगड होतो. कोरडे दाणे ताटात एका थरात दोन-तीन तास गोठवा, मग पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा. एका पिशवीत एका वेळेला लागतील तेवढेच, २०० ग्रॅमच्या आसपास. पिशवी उघडून पुन्हा गोठवायची वेळ येऊ देऊ नका. वापरताना विरघळू न देता तसेच उकळत्या रश्श्यात टाका, तीन-चार मिनिटांत होतात. पावटे आणि तुरीचे दाणे असेच ठेवता येतात, त्यांना उकळत्या पाण्यात दीडऐवजी ३ मिनिटं द्या. आणि पाच किलो घेणार असाल तर शेंगेतले चार दाणे आधी चावून बघा. दाणा पिठूळ लागला तर तो मटार फ्रीझरमधून गोड होऊन बाहेर येणार नाही.

मेथी कडू असतेच, पण ती हमखास आणि नको इतकी कडू होत असेल तर दोन ठिकाणी बघा. पहिलं म्हणजे लसूण. मेथीची फोडणी मोठ्या आचेवर होते, लसूण तपकिरी होतो आणि भाजी शिजेपर्यंत काळा. करपलेल्या लसणाचा कडूपणा मेथीच्या नावावर खपतो. लसूण पिवळसर झाला की मेथी पडलीच पाहिजे. दुसरं म्हणजे चिरणं. बोथट सुरीने चेचत चिरलेली, किंवा चिरून मग धुतलेली मेथी रस सोडते. अख्खी पानं मोठ्या पातेल्यात तीनदा धुवा, दरवेळी पानं वर उचलून घ्या. पाणी ओतून टाकलंत तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. निथळल्यावर धारदार सुरीने जाडसर चिरा.

दोन मोठ्या जुड्यांच्या पानांना, म्हणजे अडीचशे ग्रॅमला, ६० ग्रॅम मूगडाळ अर्धा तास भिजवून घ्या. कढईत ३ पोह्याचे चमचे तेल, ८-१० लसूण पाकळ्या, ३ मिरच्या, मग डाळ, २ मिनिटं परतून मेथी. आच मोठी, झाकण नाही, सहा-सात मिनिटं. मीठ पानं बसल्यावर घाला. कढईभर पाला दिसतो, त्या अंदाजाने मीठ पडतं, आणि पाच मिनिटांत त्याची वाटीभर भाजी होते. चिमूटभर गूळ चालेल. मीठ चोळून पिळून काढायची पद्धत थेपल्यांना ठीक, भाजीत तिने कडूपणाबरोबर मेथीपणही जातं. इथे आजीची लोखंडी कढई खुशाल काढा.

भोगीची भाजी उरेल, दहा माणसांच्या मापात थोडी उरतेच. गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झालेली असेल. पाव वाटी गरम पाणी घालून झाकणाशिवाय मंद आचेवर एकच उकळी काढा. मटाराचा रंग तोवर गेलेला असेल, त्याला इलाज नाही. उसाचे करवे मात्र गरम करण्याआधी वेचून काढा, दुसऱ्या उकळीत त्यांचे धागे सुटतात आणि रश्श्यात दातात अडकतात.